तिचा दिवस तिला सांगताना

दादाच्या घरी रात्रीच्या जेवणात वरणभाताच्याही आधी एक गोष्ट वाढली जाते: आजचा दिवस. वहिनी सगळ्यांना वाढून स्वतः बसते, पहिला घास खाते आणि माझ्या भाचीला सांगायला लागते. “आज सकाळी पाणी आलं नव्हतं. तू बादलीतल्या पाण्याने आंघोळ केलीस आणि बाबांवर चिडलीस, कारण त्यांनी दाढीसाठीच अर्धी बादली संपवली होती.” भाची मन लावून ऐकते. मधेच विचारते, “मग मी सॉरी म्हटलं का?” वहिनी म्हणते, “नाही म्हटलंस. दुपारपर्यंत विसरलीस.” मग ती दादाकडे वळून सॉरी म्हणते, आणि केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म घालवलेला माझा भाऊ आलेली फाइल स्वीकारावी तसं ते मान हलवून स्वीकारतो.

नव्या पाहुण्याला हा काहीतरी घरगुती खेळ वाटतो. खेळ नाही. माझ्या भाचीला तिचा दिवस आठवत नाही. पंचविशीची मुलगी, चांगली उंच, हजरजबाबी, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा माझ्याहून शुद्ध लिहिणारी. पण सकाळी काय घडलं ते तिला संध्याकाळी विचारा, ती तुमच्याकडे अगदी नम्रपणे बघत राहील. मी तिची आत्या. ती पहिलीत होती तेव्हा मी पुण्याहून नोएडातल्या नोकरीवर आले, दादाच्या दिल्लीलगतच्या गाझियाबादमधल्या सोसायटीतच दुसऱ्या टॉवरमध्ये राहायला लागले, आणि स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा असल्यामुळे तेव्हापासून जेवते त्यांच्याकडेच. त्यामुळे यातलं बहुतेक सगळं मी पानावर बसून बघितलेलं आहे.

जन्माचं तेवढं ऐकीव. ती जन्मली तेव्हा रडली नाही. नाळेचा गळ्याभोवती वेढा पडला होता. दाई, डॉक्टर, सगळ्यांची धावपळ झाली आणि वहिनी पडल्या पडल्या फक्त एका आवाजाची वाट बघत राहिली. तो आवाज आला, पण फार उशिरा आला. डॉक्टर म्हणाले, प्राणवायू कमी पडला होता, बाळ सावरलंय, पुढे काय होतं ते बघू. पुढे सगळं वेळेवर झालं. पोर वेळेवर बसली, चालली, बोलायला तर जरा लवकरच लागली. वहिनीने देवाला नारळ फोडला आणि तो विषय मिटला असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मिटला नव्हता. मी आले तेव्हा पोरीला लाल किल्ला कोणी बांधला, दिल्लीतून कुठली नदी वाहते, सोळा सक किती, हे सगळं येत होतं. पण रविवारी आम्ही तिला तोच लाल किल्ला दाखवून आणला आणि सोमवारी मी विचारलं, “काल कुठे गेलो होतो गं आपण?” तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आधी वाटलं नाटक करतेय. मग वाटलं कंटाळली असेल. शाळेत बाई म्हणायच्या, “बच्ची ध्यान नहीं देती।” गृहपाठ काय दिलाय ते सांगता येत नसे, डबा खाल्ला की नाही ते सांगता येत नसे, मधल्या सुट्टीत भांडलेल्या मैत्रिणीशी ती शाळा सुटताना हसून बोलायची आणि ती मैत्रीण आणखी चिडायची. पुण्याच्या एका काकांनी तर सुट्टीत आल्यावर तिला पाढे शिकवता शिकवता “पालथ्या घड्यावर पाणी” असं तिच्या देखत म्हटलं. मी त्यांना चहा दिला नाही. एवढंच करता येण्यासारखं होतं.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी नीट तपासण्या करून समजावलं. मेंदूच्या आत खोलवर एक इवलासा भाग असतो, त्याला प्राणवायू सतत आणि भरपूर लागतो. जन्मताना तो कमी पडला तर पहिला मार त्या भागाला बसतो. रोजचे प्रसंग धरून ठेवण्याचं काम त्याचं. हिचा तो भाग वाढलाच नाही, बाकी मेंदू चांगला आहे. “माहिती तिला शिकवता येईल,” ते म्हणाले. “वेळ लागेल, फार लागेल, पण शिकेल. घडलेले प्रसंग मात्र राहायचे नाहीत. हे वयाबरोबर जाणारं नाही. याच्यासकट जगायला शिकवा.” दादा पार खचला. वहिनी पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाली, “चला, कळलं तरी. इतके दिवस पोरीला फुकट बोलणी बसली.” आणि स्कूटरवर मागे बसली.

त्यानंतर आमच्या घराने एक चूक केली. ती दिल्लीतल्या मराठी घरालाच जमावी अशी होती. एका तज्ज्ञ बाईंनी सल्ला दिला की मुलीच्या डोक्यावर दोन-दोन भाषांचं ओझं टाकू नका; शाळेची भाषा हीच घरात बोला. सल्ला पाळण्यात आमचा दादा पहिल्यापासून पुढे. दुसऱ्या दिवसापासून अस्सल पुणेरी घरात हिंदी सुरू झाली. हिंदी म्हणजे काय, “बेटा, वो भांडी उधर ठेवो,” “पाणी सांडव मत,” “चलो, हात धुवून घ्यो।” पोर शाळेत जाऊन तीच हिंदी बोलू लागली आणि वर्ग तिला हसू लागला. ओझं कमी करायला गेलो आणि एक नवंच ओझं तिच्या पाठीवर दिलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं.

एका संध्याकाळी जेवताना पोरीने सहज विचारलं, “मम्मी, आज मैंने क्या किया?” वहिनीने सांगायला तोंड उघडलं आणि अडकली. शाळेच्या बसमागे पळताना हिची तिरपीट कशी उडाली, डबा भरताना साखरांब्याची बरणी कशी लवंडली, ते कुठल्या हिंदीत सांगणार? तिला ते शब्दच नव्हते. मग ती सरळ मराठीत सुरू झाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सगळा दिवस तिने सांगितला. पोर जेवायचं विसरून ऐकत होती. स्वतःच्याच गमतीला खदखदून हसली. त्या दिवसापासून घरात हिंदी बंद झाली आणि दिवस सांगणं सुरू झालं. तज्ज्ञ बाईंना आम्ही परत भेटलो नाही.

पुष्कळांनी सुचवलं की त्यापेक्षा डायरी लिहायला लावा. तेही करून झालं. भाची म्हणाली, “डायरी वाचते तेव्हा दुसऱ्या कुणाची वाचतेय असं वाटतं. आई सांगते तेव्हा माझं वाटतं.” डायरी बंद झाली.

या सांगण्याला एक नियम आहे आणि तो वहिनीने घातलाय. एकदा शाळेच्या खेळांत पोर धावताना पडली आणि शेवटी आली. दादाचा जीव कळवळला. रात्री त्याने दिवस सांगायला घेतला आणि सांगून टाकलं की तू दुसरी आलीस. पोर हरखली. वहिनी तिच्यासमोर काही बोलली नाही, पण नंतर स्वयंपाकघरात तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो मी जन्मात विसरणार नाही. “आपल्याला कुणी खोटं सांगितलं तर आपण मनात ताडून बघतो. हिच्याकडे ताडून बघायला काय आहे? आपण सांगू तेवढंच हिचं आयुष्य. त्यात भेसळ करायची नाही.” दुसऱ्या दिवशी दादाने पोरीला खरं सांगितलं. ती थोडी खट्टू झाली आणि म्हणाली, “पडले तरी धावले ना पण?” तेव्हापासून आमच्याकडे दिवस कडू असो की गोड, जसा असेल तसा सांगितला जातो. मी कितीतरी मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली काम केलंय. वहिनीइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही.

आणि पोरीचा अभ्यास. तो मी जवळून पाहिला, कारण गणित आणि विज्ञान माझ्याकडे होतं. मुक्त शाळेतून ती दहावी आणि बारावी झाली. बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी उशिरा झाली, पण झाली. एकच धडा ती पुन्हा पुन्हा वाचायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या लेखी पहिल्यांदाच. आपल्याला दुसऱ्यांदा वाचताना कंटाळा येतो. तिला कंटाळ्याचीही सोय नव्हती. आज वाचायचं, उद्या वाचायचं, चार दिवस सोडून पुन्हा वाचायचं, मग केव्हातरी मी प्रश्न विचारायची आणि उत्तर तिच्या तोंडून आपोआप यायचं. मी विचारायची, “कुठे वाचलंस हे?” ती म्हणायची, “वाचल्याचं काही आठवत नाही यार आत्या. पण येतंय ना मला, बिल्कुल येतंय.” तिला ज्ञान मिळायचं, ते मिळवल्याचं समाधान मिळायचं नाही. आपल्यापैकी किती जण अशा बोलीवर पुस्तक उघडतील? मी तर मुळीच उघडणार नाही.

दादाच्या मजल्यावरच्या एक शेजारीण वहिनीला नेहमी सांगतात, “भाभीजी, अच्छा ही है। दुख-वुख सब भूल जाती है।” वहिनी हसून सोडून देते, मला ते जमत नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, “आंटी, सुख भी भूल जाती है।” स्वतःच्या वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये बघून ‘हा कुणाचा?’ म्हणून विचारणं यात कसलं आलंय भाग्य? ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला भाग्यवान म्हटलं की तिच्या कष्टांचं कौतुक करायची जबाबदारी टळते, म्हणून लोक म्हणतात.

तर दोन वर्षांपूर्वी तिने जाहीर केलं की तिला नोकरी करायची आहे. आमच्या ओळखीतल्या एक मराठी बाई मध्य दिल्लीत मंडी हाऊसजवळ, कोपर्निकस मार्गाच्या मागच्या बाजूला, नोकरदारांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतात. गणपतीच्या जेवणावळीत भाचीने त्यांच्या पंगतीतली सगळी रडकी पोरं गप्प केली होती, ते त्यांनी हेरलं होतं. त्यांना सगळं सांगितलं तरी त्या मागे हटल्या नाहीत. थोडे दिवस बघू म्हणाल्या, आणि बघता बघता ती त्यांचा उजवा हात झाली. कुठल्या मुलाला काय खायला द्यायचं नाही याचा तक्ता तिथे भिंतीवर आहे. बाकीच्या जणी आठवणीवर चालतात. ही प्रत्येक वेळी तक्त्यापाशी जाऊन वाचते आणि मगच भरवते. बाई मला म्हणाल्या, “हिच्या हाती मूल दिलं की मी निर्धास्त असते.” एकदा मीच बोलून गेले की कालचा वैताग आठवत नसल्यामुळे ती मुलांशी इतकी शांत असेल. बाई फटकन म्हणाल्या, “छे हो. दिवसभरात दहा वेळा वैताग येतो, तो काय काल यावा लागतो? मुलगीच गुणाची आहे.” मला ते फार आवडलं. तिथे दिवसभर काय झालं तेही बाईच रोज फोन करून वहिनीला सांगतात.

कामाची काळजी नव्हती, रस्त्याची होती. जायला सोपं: मेट्रो आमच्याकडच्या वैशालीहूनच सुटते, मंडी हाऊसला उतरायचं. येताना मात्र मेख. मंडी हाऊसच्या एकाच फलाटावर वैशालीची गाडी येते आणि नोएडाचीही येते. दोन्ही दिसायला सारख्या. यमुना बँकेपर्यंत रस्ता एक, पुढे फाटा फुटतो. चांगली डोकी ठिकाणावर असलेली माणसं मोबाइलमध्ये बघत नोएडाला पोचतात. वहिनी कितीतरी महिने तिच्याबरोबर गेली-आली. आधी शेजारी बसून, मग समोर बसून, मग पुढच्या डब्यात बसून. फलकावर ‘वैशाली’ वाचायचं, वाचल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे तिच्या पायांत मुरेपर्यंत ती थांबली. मग एक दिवस पोर एकटी गेली आणि एकटी परत आली. दादाने श्रीखंड आणलं. रात्री तिचा दिवस सांगताना वहिनीचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघण्याआधी डोकावले तर भाची दाराशी उभी, चेहरा उतरलेला. म्हणाली, “आत्या, आज मी पहिल्यांदा एकटी जाणार. भीती वाटतेय.” वहिनी आतून म्हणाली, “काल गेली होतीस.” तिने विचारलं, “जमलं होतं?” वहिनी म्हणाली, “जमलं होतं.” तिने मान हलवली आणि ती निघाली.

मी दिवसभर ऑफिसात तेच घोळवत होते. आपण घाबरत घाबरत एखादी गोष्ट एकदा करतो आणि मग काल जमलं म्हणून आज जमतं. कालच्या खांद्यावर हात ठेवून आपण चालतो. तिला काल नाही. हळूहळू तिच्या ज्ञानात भर पडली हे खरं. मी नोकरी करते, मेट्रोने जाते, हे तिला आता पाढ्यासारखं येतं. पण काल जाऊन सुखरूप परत आले हा धीर तिला कुठून मिळणार? म्हणून ती रोज दाराशी विचारते, “काल जमलं होतं का?” वहिनी रोज सांगते. आणि आईच्या एका शब्दावर ती रोज पहिल्या दिवसाची भीती घेऊन बाहेर पडते. मला बढतीची मुलाखत द्यायला एकदा जायचं होतं तर आदल्या दिवशी मला ताप भरला होता. या पोरीपुढे मी कोण लागून गेले?

गेल्या हिवाळ्यात ती संध्याकाळी वेळेवर आली नाही. फोन लावला तर पाळणाघरातल्या बाईंनी उचलला. चार्जिंगला लावलेला फोन तिथेच राहिला होता आणि ती केव्हाच निघाली होती. वहिनीने मला बोलावून घेतलं. दादा ऑफिसातून परस्पर मंडी हाऊसकडे धावला. आम्ही दोघी वैशाली स्टेशनच्या दाराशी येणारा एकेक चेहरा बघत उभ्या राहिलो. माझं तोंड चालू होतं, कारण घाबरले की मी बडबडते.

मग एका अनोळखी नंबरवरून वहिनीला फोन आला. कुणीतरी बाई बोलत होती. म्हणाली, तुमची मुलगी नोएडाच्या गाडीत बसली होती. गर्दीचा लोंढा आला, त्यात ढकलली गेली असावी. अक्षरधाम गेल्यावर ती एकदम उठून उभी राहिली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, “दीदी, मेरी याददाश्त कमज़ोर है। मैं ग़लत गाड़ी में हूँ। मुझे वैशाली जाना है। समझाइए मत, मैं भूल जाऊँगी। मुझे सही गाड़ी में बिठा दीजिए।” ती बाई तिच्याबरोबर उतरली, उलट्या गाडीने यमुना बँकेला आली आणि तिला वैशालीच्या गाडीत बसवून दिलं. आईचा नंबर भाचीला तोंडपाठ. तो तिनेच बाईला दिला. “हाथ एकदम ठंडे थे उसके, पर रोई नहीं,” बाई म्हणाली, आणि आम्ही नाव विचारायच्या आत फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने भाची जिन्यावरून उतरली. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला. “अच्छा, आत्या पण? कुठे जायचंय का आपल्याला?” तिच्या लेखी ती नेहमीसारखी घरी आली होती. मधला सगळा प्रसंग गेला होता.

घरी ती कपडे बदलायला आत गेली आणि मंडी हाऊसहून परतलेला दादा स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाला, “आज जेवताना हे सांगायचं नाही. तिला आठवत नाहीये, तर आपण कशाला आठवण करून द्यायची? आणि उद्यापासून जाणं बंद. पाळणाघराला सुट्टी आहे म्हणायचं. परवा पण तेच म्हणायचं. हळूहळू सुटेल. तिला कळणारसुद्धा नाही.”

मी भडकले. मी म्हटलं, “दादा, तिची नोकरी तिच्या डोक्यातून पुसून टाकणार तू? चोर तरी माणूस झोपल्यावर चोरी करतो.” तो म्हणाला, “तुला मूल नाही, तुला नाही कळायचं.” हे तो एरवी कधी बोलला नसता, आणि मीही ते मनाला लावून घेतलं नाही, कारण तो अजून पायातले बूटसुद्धा न काढता उभा होता. दिल्लीत एक मुलगी, संध्याकाळची, फोन नाही, आणि आपण कुठे आहोत हे तिला माहीत नाही; बापाच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मलाही कळत होतं. मी वहिनीकडे बघितलं. ती आमटी ढवळत होती. नियम तिने घातलेला, तेव्हा ती दादाला झापेल असं मला वाटलं होतं. ती आमटी ढवळतच राहिली. स्टेशनच्या दाराशी सगळ्यात जास्त जळली होती तीच.

जेवायला बसलो. दादाने स्वतःचा दिवस सांगितला, साहेबांपासून लिफ्ट बंद पडल्यापर्यंत, चांगला लांबवून. भाचीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि माझा?”

वहिनी म्हणाली, “सकाळी सांगते. आज डोकं दुखतंय.”

असं आजवर कधी झालं नव्हतं. ताप आला होता तेव्हाही तिने अंथरुणातून सांगितलं होतं. भाचीने उठून बाम आणला, आईच्या कपाळाला लावला आणि जाऊन झोपली. ती सकाळपर्यंत हेही विसरणार होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सकाळी मी ऑफिसला उशीर करून तिकडे गेले. भाची तयार होऊन दाराशी आली होती. पाठीला सॅक, हातात डबा. दादा पेपर वाचत होता, म्हणजे पेपर हातात धरून बसला होता. तिने रोजच्यासारखं विचारलं, “आई, काल जमलं होतं का?”

दादाने पेपर खाली केला. वहिनीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले, बाहेर येऊन तिच्यासमोर उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “काल तू फोन विसरलीस. मंडी हाऊसला गर्दी होती, तू चुकून नोएडाच्या गाडीत गेलीस. अक्षरधामनंतर तुला कळलं. तू एका बाईला सांगितलंस, तिने तुला बरोबर गाडीत बसवून दिलं. आम्ही स्टेशनवर उभ्या होतो. मी फार घाबरले होते. बाबा पण. बाबांना वाटतं तू आता जाऊ नयेस. तुला हे सांगायचंच नाही आणि नोकरी अशीच सुटू द्यायची, असं काल घरात बोलणं झालं. मी त्यावर नाही म्हटलं नाही. मलाही काल तेच वाटत होतं.”

सॅकचा पट्टा हातात धरून भाची ऐकत होती. तिने विचारलं, “मी रडले होते का?”

“नाही. हात गार पडले होते म्हणाली ती बाई.”

“मी काय म्हटलं तिला?”

वहिनीने ते वाक्य तिला जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. समझाइए मत, बिठा दीजिए. भाचीने ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. “चांगलं सुचलं मला,” ती म्हणाली. मग दादाकडे वळली. “बाबा, तुम्हाला भीती वाटली?”

“वाटली,” दादा म्हणाला.

“मला पण रोज वाटते.” तिने डबा सॅकमध्ये टाकला, पायांत बूट सरकवले आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईपर्यंत ती काहीतरी विचार करत होती. मग म्हणाली, “म्हणजे चुकले तरी मला परत येता येतं.”

लिफ्ट आली. ती आत गेली आणि दार बंद होऊ नये म्हणून एक हात बाहेर धरून म्हणाली, “आई, संध्याकाळी हे मला परत सांग हं. हे मला विसरायचं नाहीये.”

“सांगेन,” वहिनी म्हणाली.